घटपर्णी आणि 'पत्ता अपूर्ण'

घटपर्णी, म्हणजे पानांच्या टोकाला आलेल्या घटांत किडे पकडून खाणारं झाड, मागवायची तर मे महिन्यात मागवू नका. मी मागवली आणि चार दिवस जीव टांगणीला लागला.

शुक्रवारी सकाळी पार्सल फोंड्याला पोचल्याचा मेसेज आला. संध्याकाळी दुसरा मेसेज, 'पत्ता अपूर्ण'. घर क्रमांक, वाडा, देवळाचं नाव, सगळं लिहिलेलं होतं. पोस्टमनला तेवढं पुरतं, कुरियरला पुरलं नाही. फोनही केला नाही. तसाच कुरियरच्या कचेरीत गेलो, तर "उद्या या". शनिवारी गेलो तोवर खोकं परत पाठवायच्या ढिगात गेलं होतं आणि ते काढायला साहेबांची सही हवी होती. "अरे बाबा, आत जिवंत झाड आहे," मी खिडकीवरच्या मुलाला दोनदा सांगितलं. रविवारी बंद. पत्र्याच्या शेडमधल्या त्या उकाड्याच्या विचाराने झोप आली नाही. सोमवारी साहेब रजेवर. मंगळवारी सही झाली आणि दोन मिनिटांत खोकं हातात आलं. दोन मिनिटांचं काम! अजून आठवलं की संताप येतो.

रोप सोमवारी रवाना करायला सांगा आणि खोक्यावर दोन फोन नंबर लिहून घ्या.

खोकं उघडलं तर घट वाळून तपकिरी झालेले, पानं मलूल, पण शेंडा हिरवा. शेंडाच बघायचा, घट प्रवासात वाळतातच. माझी घटपर्णी व्हेंट्राटा, म्हणजे फिलिपिन्समधल्या दोन जातींचा संकर. गोव्याची दमट हवा तिला मानवते. सावलीत ठेवून वर पारदर्शक पिशवी घातली.

पाणी पावसाचं. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार मुळांना सोसत नाहीत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० पीपीएमच्या आत हवा. पिंपाला कापड बांधा, नाहीतर डास होतात. कुंडीत स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) आणि परलाइट (पांढरे हलके खनिज दाणे) घातलं, माती अजिबात नाही. कुंडी पाण्यात उभी ठेवायची नाही. ते व्हीनस फ्लायट्रॅप या दुसऱ्या कीटकभक्षी झाडाला चालतं, हिला नाही.

पावसात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दवबिंदू नावाचं रोप दिसतं, तेही कीटक खातं. ते उपटून आणू नका, एका मोसमाचंच असतं.

जुलैअखेर नव्या पानाचं टोक फुगलं. त्याचा घट होऊन झाकण उघडलं त्या सकाळी मी घरातल्या सगळ्यांना गॅलरीत बोलावलं. दोन दिवसांनी आत काळ्या मुंग्या दिसल्या. खत मात्र कुंडीत घालू नका, तिचं खत त्या मुंग्याच.