सरळ रेष, सरळ घरी

व्याकरणाची वही उघडली की माझी भाची आधी पेन्सिलीला टोक करते. ते मोडलं की पुन्हा करते. परवा शब्दांच्या जाती ओळखायच्या होत्या. 'सरळ रेष काढ.' विशेषण, तिनं धाडकन सांगितलं. 'सरळ घरी ये.' इथं पेन्सिल थांबली.

"घर सरळ आहे का?"

"नाही गं मावशी, येणं सरळ."

"मग?"

"क्रियाविशेषण!"

शिकवण्याची मला एवढी एकच युक्ती येते: शब्द कुणाला चिकटलाय ते बघायचं, नामाला की क्रियापदाला. 'कसा?' विचारून मुलं फसतात, कारण मुलगा कसा आणि पळतो कसा, दोन्ही विचारता येतं. 'उलटा शर्ट घातला' आणि 'शर्ट उलटा घातला' यावर तर तिनं निकालच दिला, "दुसऱ्यात शर्टाची काही चूक नाही."

इंग्रजीत 'स्लो'ला शेपूट लावून 'स्लोली' करावं लागतं. 'फास्ट' मात्र दोन्हीकडे तसाच, आणि 'हार्ड'चं 'हार्डली' केलं की अर्थच पालटतो. आपल्याकडे बऱ्याचदा शेपटीशिवाय भागतं. तरी 'शांतपणे' शिकल्यावर दोन दिवस ती "मी छानपणे झोपले" म्हणत हिंडत होती.

खरी पंचाईत पुढं झाली. पुस्तकात क्रियाविशेषण अविकारी शब्दांत, म्हणजे लिंग-वचनानं न बदलणाऱ्यांत. तिनं 'हळू'ची परीक्षा घेतली. तो हळू बोलतो, ती हळू बोलते. पास. मग स्वतःहून 'चांगला' घेतला. तो चांगला गातो, ती चांगली गाते.

"मावशी, हे बदललं!"

"याला सविकारी क्रियाविशेषण म्हणतात."

"म्हणजे न बदलणाऱ्यातलं बदलणारं?"

मी पाणी प्यायला उठले. परत येईपर्यंत एवढंच सुचलं की 'चांगला' मूळचा विशेषणांच्या घरातला. क्रियापदाकडे नांदायला गेला तरी माहेरची सवय सुटत नाही. हे तिला पटलं. मला अजून पुरतं पटलेलं नाही. गंमत म्हणजे 'ती चांगला गाते' असं ती बोलताना कधीच म्हणाली नव्हती, अगदी तीन वर्षांची असतानाही. गोंधळ सगळा वही उघडल्यावरचा.

शेवटचा प्रश्न होता, 'सुंदर' हा शब्द क्रियाविशेषण म्हणून वापरा. तिनं लिहिलं, 'आजी सुंदर चिडते.'

मी बरोबरची खूण केली आणि वही आजीच्या नजरेस पडणार नाही अशी दप्तरात तळाशी सारली.