डबे भरले, गळ थांबेना

"साहेब, डबे त भरून रायले, पन संत्रं गयाचं काही थांबून नाही रायलं."

काटोलकडच्या भाऊंचा हा फोन ऑक्टोबरातला, आंबिया बहाराची फळं रंगावर आलेली असतानाचा. मी नागपुरातून एका शेतकरी गटासाठी कीड-सर्वेक्षण करतो. म्हणजे फळमाशीचे सापळे, आमच्या भाषेत डबे, बांधायचे, मेलेल्या माश्या मोजायच्या, आणि आकडे कोणी वाचत नाही हे माहीत असूनही दर सोमवारी पाठवायचे.

कामगंध सापळा, म्हणजे गंधाने नर किडे ओढून पकडणारा, म्हटलं की आपल्याकडे कपाशी आठवते. तिथे रबराच्या गोळीत गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाचा कृत्रिम गंध असतो. काही दुकानदार तीच गोळी संत्र्यालाही खपवतात, त्यांना काय बोलावं! फळमाशीच्या डब्यात असतं मिथाइल युजेनॉल. हा मादीचा गंध नव्हेच. ते तुळशीतही सापडतं. नर माश्या त्यावर तुटून पडतात, ते चाटतात आणि पोटात गेलेल्या मालापासून मादीला भुलवणारा स्वतःचा गंध तयार करतात. अल्कोहोल, मिथाइल युजेनॉल आणि मॅलॅथिऑन हे कीटकनाशक, 6:4:1. यात प्लायवूडचे ठोकळे मी दोन दिवस बुडवून ठेवतो. हेक्टरी 25 डबे, तोडणीच्या दोन महिने आधी. हातमोजे विसरलो तर बागेत शिरल्याबरोबर माश्या मनगटावर येऊन बसतात, हाकललं तरी परत. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. एरवी आमच्या धंद्यात सगळी हाकलाहाकलीच.

त्या दिवशी पेरूच्या झाडांजवळच्या डब्यात 312 माश्या निघाल्या. मी खूश. फोटो काढून गटावर टाकला, भराभर अंगठे आले. भाऊ मात्र खाली उकिडवे बसून गळलेली संत्री विळ्याने चिरत होते. वीस फळं चिरली. अळी एकातही नाही.

मी तिथेच थांबायला हवं होतं. फळमाशी सालीखाली अंडी घालते; ती लागली असती तर आत अळ्या वळवळताना दिसल्या असत्या. इथे सालीवर टाचणीएवढं एकच छिद्र, भोवती मऊ पडलेला डाग, आणि दाबलं की रसाची बारीक पिचकारी. मी म्हणालो, "बुरशी असेल." वीस वर्षांच्या नोकरीनंतर! त्याच्या अर्धा तास आधी धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) कुंपणावर चढलेल्या गुळवेलीचं मी कौतुकही केलं होतं. कोरोनात काढ्यासाठी भाऊंच्या आईने लावलेली.

भाऊ एवढंच म्हणाले, "रात्री थांबून पाहा ना."

आठच्या सुमारास टॉर्च मारला. फांद्यांत निखाऱ्यासारखे लाल ठिपके जोडी-जोडीने चमकले. पतंगाचे डोळे. मिटलेला पतंग म्हणजे वाळकं पान. पंख उघडले की मागची जोडी नारिंगी, त्यावर काळे डाग. एकाची सोंड संत्र्यात रुतलेली होती, बोटाने ढकललं तरी सोडेना. रसशोषक पतंग. नर असो की मादी, दोघांनाही रस हवा. त्याच फांदीवर माझा डबा लटकत होता, आणि त्याचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. तासाभरात आम्ही हातांनी चाळीसेक पकडले.

माश्या कुठल्या, हे माझ्या वहीतच होतं. पेरूजवळचा डबा पहिल्या आठवड्यापासून सगळ्यांत जास्त भरत होता. पेरूवरच्या माश्या मोजून मी संत्र्याचा अहवाल देत होतो. सोमवारी समासात "रसशोषक पतंग, 40" लिहिलं, तर वरून फोन: तो रकाना तक्त्यात नाही, खोडा.

या पतंगाची अळी संत्र्यावर वाढत नाही. तिला गुळवेल, वासनवेल लागते. म्हणून वेल तोडायला सांगितली. भाऊंची माय ओट्यावरूनच म्हणाली, "कोरोनात यानंच वाचवलं आमाले. संत्र्यापायी गुयवेल तोडू?" मीही फार रेटलं नाही. पतंग उडायला दमदार आणि नाल्याकाठी वासनवेलीचं रान माजलेलं. एका कुंपणाने काय होणार होतं? संध्याकाळी बागेत ओल्या गवताचा धूर केला, गळलेली फळं रोज उचलून पुरली. गळ कमी झाली. धुराने की त्याच आठवड्यात पडलेल्या थंडीने, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

यंदा पावसाळ्यात पुन्हा भाऊंचा फोन. "साहेब, माय इचारते, वेलावर अळी हाये, आंगावर डोयाएवढे गोल हायेत, हात लावला की कमान करते. मारू का?"

"मारा," म्हणालो, "पण आधी मोजा."