एक आज्जी, दोन प्रोफाईल

आज्जी गेल्यावर मी फॅमिलीसर्च नावाच्या वंशावळीच्या साईटवर आमच्या घराण्याची वंशावळ भरायला घेतली. फुकट आहे आणि सगळ्या जगाचं मिळून एकच झाड, खरं त्यामुळंच घोळ होतोय, एकच माणूस दोघंतिघं भरतात. त्यात जिवंत माणसाचं प्रोफाईल ज्यानं भरलंय त्यालाच दिसतंय, गेल्याची नोंद केली की मग सगळ्यांना.

पहिली चूक माझीच. साईटनं पॉसिबल डुप्लिकेट म्हणून आजोबांची दोन प्रोफाईल दाखवली, नाव तेच, आडनाव तेच, गाव कडोली, जन्म 1 जून, मी धडाधड मर्ज केलं, म्हणजे दोघांचं एकच करून टाकलं. आता आमच्याकडं निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जूनच, मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेला, आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, म्हणजे चुलत भाऊ सगळे एकाच नावाचे. दुसरे ते चुलत आजोबा निघाले, त्यांच्या प्रोफाईलला मधलं वडलांचं नावच भरलेलं नव्हतं. संध्याकाळी आत्याचा फोन, "आमच्या आप्पांना दुसरी बायको कवा करून दिलास रे?" नशीब, बदलांच्या यादीत जाऊन मर्ज मागं घेता येतंय. ते घेतलं आणि दोघं वेगळे म्हणून नोंद करून टाकली.

खरं डुप्लिकेट साईटनं दाखवलंच नाही, दाखवणार तरी कसं म्हणा. आज्जीच्या भावाचा नातू पुण्यात असतोय, त्यानं चंदगडची माणसं भरलेली, त्यात पाच भावंडं आणि एक 'कृष्णा', पुरुष, लग्न नाही, पुढं काहीच नाही. मला वाटलं लहानपणी गेलेला भाऊ असेल. आत्याला विचारलं तर ती काही न बोलता माळ्यावरची पितळेची घागर काढून आणली, काठाखाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात 'चि. सौ. कां. कृष्णा हिस मामाकडून'. आमची आज्जी वो! लग्नात नाव बदलून लक्ष्मी केलेलं, आम्हाला तेवढंच माहीत.

मग त्याला फोन करून पुरुषाचं स्त्री करून घेतलं, आयडी टाकून दोन्ही प्रोफाईल शेजारी शेजारी उघडली, एकेक ओळ बघून काय ठेवायचं ते ठरवलं. माहेरचं नाव पर्यायी नावात घातलं. कारणाच्या रकान्यात घागरीचं लिहिलं, फोटोपण जोडला. जन्मगावावर मात्र अर्धा तास वाद, तो म्हणतोय चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात, मी म्हणतोय 1956 ला बाकी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा मागं राहिला, आज्जी जन्मली तेव्हा तो बेळगावातच होता की. शेवटी बेळगाव जिल्हा, मुंबई इलाखा असं ठेवलं.

घागर आता त्याला पाहिजे म्हणे. आत्या देत नाही.