मिरगाच्या तोंडावर पेंटेकॉस्ट

नागपूरहून वर्धा, देवळी, कळंब असा रस्ता धरून यवतमाळकडे निघालो की वर्धा नदी ओलांडल्यावर काळी जमीन डोळ्यांत भरू लागते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ही जमीन नांगरून, वखरून, धसकटे वेचून तयार असते आणि बांधावर उभा असलेला प्रत्येक माणूस दर थोड्या वेळाने आभाळाकडे पाहत असतो. २०२५ मध्ये पेंटेकॉस्टचा, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याची आठवण करणाऱ्या ख्रिस्ती सणाचा, रविवार ८ जूनला, म्हणजे नेमका मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास आला. हा सण शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये न करता घाटंजीच्या बाजूला असलेल्या एका खेड्यातील लहानशा मंडळीबरोबर, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाबरोबर करावा, असे मनात होते, म्हणून आदल्या दिवशीच यवतमाळ गाठले.

यवतमाळचा ख्रिस्ती इतिहास जुना आहे. धर्मशास्त्राचे शिक्षण देणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत याच गावात होती. परंतु मला त्या इमारतींपेक्षा आडरस्त्यावरची मंडळी पाहायची होती. सकाळी एसटीने निघून फाट्यावर उतरलो, तर न्यायला आलेल्या मावशींनी पहिला प्रश्न केला, “कोनत्या गावचे जी तुमी?” नागपूरचा म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि उपासना सुरू व्हायच्या आत पोहोचायचे आहे, असे बजावून त्या झपाझप पुढे चालू लागल्या.

चर्च म्हणजे विटांच्या भिंती आणि वर टिनाचे छप्पर. वेदीवर लाल कापड अंथरले होते आणि मुलांनी लाल व पिवळ्या पताका कागदाला ज्वालेचा आकार देऊन कापल्या होत्या. लाल हा या सणाचा रंग, कारण यरुशलेममध्ये एकत्र जमलेल्या येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद झाला आणि अग्नीच्या जिभांसारखे काही प्रत्येकावर स्थिरावले, असे बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. वेदीच्या पायथ्याशी मात्र मी शहरात कधी न पाहिलेली एक गोष्ट होती. तुरीची, ज्वारीची आणि सरकीची लहान लहान गाठोडी तिथे ओळीने मांडली होती. कुणी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात, तर कुणी दुकानाच्या पिशवीतच बियाणे बांधून आणले होते.

पाळकसाहेबांनी संदेशाला सुरुवात केली ती याच गाठोड्यांपासून, आणि मला ते फार योग्य वाटले. पेंटेकॉस्ट मुळात शेतकऱ्यांचा सण आहे. वल्हांडण या यहुदी सणाच्या काळात पहिली पेंढी अर्पण केल्यावर सात आठवडे मोजून पन्नासाव्या दिवशी यहुदी लोक सप्ताहांचा सण पाळत आणि नव्या गव्हाच्या दोन खमीर घातलेल्या भाकरी देवापुढे ठेवत. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या २३व्या अध्यायात या सणाचे नियम संपतात, त्याच्या लगेच पुढे आज्ञा येते, की शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नका आणि सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे, वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. हे वाचले गेले तेव्हा पुढच्या सतरंजीवर बसलेल्या, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून घर चालवणाऱ्या बायांनी एकमेकींकडे पाहून मान डोलावली. तिकडे गव्हाचा हंगाम, इकडे पेरणीची घाई, एवढा ऋतूचा फरक असूनही त्या आज्ञेचे मोल त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

सणाच्या निमित्ताने देशोदेशीचे भाविक यरुशलेमला आले होते, म्हणूनच पार्थी, मेदी, एलामी, मिसरातले, रोमचे, क्रेती आणि अरब अशा सर्वांनी गालीलच्या साध्या माणसांच्या, म्हणजे या शिष्यांच्या तोंडून देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली. काहींनी या माणसांनी दारू घेतली आहे म्हणून थट्टाही केली. त्यावर शिष्यांपैकी पेत्राने उभे राहून सांगितले, की अजून सकाळचे नऊच वाजले आहेत, आणि योएल संदेष्ट्याचे वचन आठवून दिले, की देव आपला आत्मा मुलामुलींवर, वृद्धांवर आणि दासदासींवरही ओतील. त्या दिवशी सुमारे ३००० जणांचा बाप्तिस्मा झाला. या दिवसाला मंडळीचा वाढदिवस म्हणतात ते यामुळेच. तरीही नाताळ आणि ईस्टरला गजबजणाऱ्या आपल्या मंडळ्या हा सण एखाद्या गाण्यावर उरकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इथे तो उरकला गेला नाही. प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा आधी मराठीत, मग तांड्यावरून आलेल्या एका आजींनी बंजारा भाषेत आणि त्यानंतर कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतल्या एका तरुणाने कोलामीत प्रार्थना केली. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा असल्याने तिचा एक शब्दही मला कळला नाही, पण त्या तरुणाची आई डोळे मिटून प्रत्येक वाक्यानंतर “आमेन” म्हणत होती. माझ्या मते पेंटेकॉस्टचा अर्थ याहून नेमका मांडता येणार नाही: देवाशी बोलण्यासाठी कुणालाही आधी दुसऱ्याची भाषा शिकावी लागत नाही.

शेवटी पाळकसाहेबांनी बियाण्यांवर आशीर्वाद मागितला आणि ज्याने त्याने आपले गाठोडे उचलले. दोघांनी आपल्यातली ओंजळभर तूर शेजारच्या विधवा बाईंच्या पदरात टाकली. आरंभीचे विश्वासणारे घरोघरी मिळून हर्षाने जेवत, असे त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. इथेही बाहेर कडुनिंबाखाली वरण, भात आणि वांग्याच्या भाजीची पंगत बसली.

२०२६ मध्ये पेंटेकॉस्ट २४ मे रोजी, म्हणजे नवतपा, मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागता लागता येतो. उन्हामुळे तेव्हा उपासना सकाळी सहालाच ठेवू, आणि बियाणे तोवर घरात आले नसेल तर मागच्या हंगामातले जपलेले दाणे आणायला सांगू, असे पाळकसाहेब म्हणाले. यायचे असेल तर यवतमाळला मुक्काम करूनच निघावे, कारण इतक्या सकाळी फाट्यावर थांबणारी एसटी मिळत नाही.