रोजकीर्द आणि जर्नल: बी.कॉम.चा माझा पहिला दिवस

पहिलं लेक्चर सकाळी ७:२० चं. बाबांनी रिक्षा बाहेर काढली आणि आमच्या लोकमान्यनगरातून मला ठाणे स्टेशनला आणून सोडलं. "पास दाखवायला लागला तर बॅगेत शोधत बसू नकोस, हातात ठेव," एवढंच म्हणाले आणि भाडं घ्यायला वळले.

कॉलेज कोपरखैरण्याला. ट्रान्स हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकल ९ आणि १० नंबरवरून सुटतात, हे माहीत होतं. पण समोर लागलेली पनवेल मी सोडून दिली, मला वाटलं आपली ती वाशीची. लेडीज डब्यासमोर उभ्या असलेल्या एका मावशींनी सांगितलं, "अगं, वाशी असो, नेरूळ असो, पनवेल असो, कोपरखैरण्याला सगळ्या थांबतात. फाटा तुर्भ्याच्या पुढे फुटतो." नवीन येणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवा, माझी १० मिनिटं त्यात गेली.

वर्गाबाहेर लावलेल्या यादीत माझं नाव नव्हतं. माझा प्रवेश तिसऱ्या यादीतला. ऑफिसात गेले तर खिडकी अजून उघडायची होती. पोटात गोळाच आला. शेवटी एका शिपाईकाकांनी सांगितलं, की उशिरा प्रवेश झालेल्यांची पुरवणी यादी दोन दिवसांनी लागते, तोवर वर्गात बसायचं आणि वेगळ्या कागदावर नाव लिहून द्यायचं. तसंच केलं. ७५ टक्के हजेरी लागते म्हणतात, मग पहिलाच दिवस का घालवायचा?

खरी धास्ती वेगळीच होती. पहिलीपासून बारावीपर्यंत माझं सगळं मराठीत झालं, कॉमर्ससुद्धा. पुस्तपालनात, म्हणजे हिशोब लिहिण्याच्या विषयात, मला चांगले मार्क होते. पण अकाउंटन्सीच्या मॅडम बोलायला लागल्या आणि जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, डेप्रिसिएशन असे शब्द एकामागून एक यायला लागले. शेजारची मुलगी भराभर लिहीत होती. माझं पेन थांबलेलं. आपल्याला यातलं काहीच येत नाही, असं वाटून डोळे भरून आले होते, खरंच सांगते.

मग मॅडमनी फळ्यावर एक व्यवहार मांडला: रोखीने फर्निचर खरेदी, ५,००० रुपये. फर्निचर खाते नावे, रोख खाते जमा. हे तर मी झोपेतही सांगितलं असतं! येते ते नावे, जाते ते जमा. म्हणजे डेबिट हे आपलं नावे, क्रेडिट हे जमा. मी वहीचं पान मधोमध दुमडलं. डावीकडे ऐकलेला शब्द देवनागरीत, उजवीकडे माझा. जर्नल – रोजकीर्द, रोजचे व्यवहार लिहायची वही. लेजर – खतावणी, खात्यावार नोंदी. ट्रायल बॅलन्स – तेरीज, सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी. बॅलन्स शीट – ताळेबंद, काय आपलं आणि काय देणं त्याचा तक्ता. स्पेलिंगं घरी जाऊन पुस्तकातून उतरवायची ठरवली.

डेप्रिसिएशनपाशी मात्र अडले. मॅडम म्हणाल्या, एक लाखाची वस्तू, दर १० टक्के. एका पद्धतीत दरवर्षी १०,००० च कमी होतात. दुसरीत पहिल्या वर्षी १०,०००, मग उरलेल्या ९०,००० वर ९,०००. आकडे बघितले आणि शब्द सापडला: घसारा, वापरून वस्तूची किंमत उतरते तो. बाबांची रिक्षा डोळ्यांसमोर आली. टायर, सीटचं कव्हर, इंजिनाचं काम. विकायला काढली तर पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त पैसे उतरतात, हे बाबा नेहमी सांगतात.

तास संपल्यावर धीर करून मॅडमकडे गेले. "मॅडम, मी मराठी मीडियमची आहे. सगळं येतं, पण शब्द कळत नाहीत." वही दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, 'तेरीज'वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा शब्द मी किती वर्षांनी वाचला! हे पान टाकू नकोस. आणि पुढच्या बाकावर बस." प्रत्येक व्यवहार एकीकडे नावे, दुसरीकडे जमा लिहायच्या या द्विनोंदी पद्धतीवर लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली इटलीत छापील पुस्तकात लिहिलं, तेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे ज्या इंग्रजीला मी घाबरत होते, तिच्यासाठीही हे बाहेरूनच आलेलं.

बाकीचा दिवस मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय) समजून घेण्यात गेला. इथलं क्रेडिट म्हणजे जमा नव्हे, एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं शिकवणं, म्हणजे चार क्रेडिटच्या विषयाला ६० तास, एवढं कळलं की वेळापत्रक वाचता येतं.

परतताना गाडीत जागा मिळाली. रबाळे येईपर्यंत शब्द मोजले, ३१ झाले होते. रात्री बाबा जेवायला बसले तेव्हा मी विचारलं, "आपल्या रिक्षाचा घसारा किती धरायचा?" त्यांनी हात धुतले, कर्जाच्या हप्त्यांची वही काढली, आणि आम्ही दोघं दिव्याखाली हिशोबाला बसलो.