केळीच्या बागेत शिकलेलं जीवशास्त्र

आमच्या वेळी विज्ञानाच्या पुस्तकात जीवशास्त्र सुटंसुटं यायचं. पेशी एका धड्यात, पचन दुसऱ्यात, आनुवंशिकता पार मागे, आणि उत्क्रांती म्हणजे परीक्षा तोंडावर आल्यावर घाईघाईने उरकायचा धडा. आमच्या विज्ञानाच्या बाईंना ते पटत नसे. सगळ्या सजीवांचा कारभार मोजक्या तत्त्वांवर चालतो आणि ती एकाच सजीवात दाखवता येतात, असं त्या म्हणत. रावेर-यावल पट्ट्यातल्या शाळेला केळीची काय वाण! कुंपण ओलांडलं की बाग. मी आज केळीच्या टिश्यू कल्चर (झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवण्याच्या) प्रयोगशाळेत काम करतो, तो बाईंनी बागेत शिकवलेल्या त्या वर्षामुळे.

वादळात आडवी झालेली एक केळ बाईंनी गडीमाणसांकडून उचलून प्रयोगशाळेत आणवली होती. विळ्याने आडवा छेद घेतला आणि आम्हाला एकेक पदर सोलायला लावला. सोलत गेलो तर शेवटपर्यंत पदरच. ज्याला आपण खोड म्हणतो ते एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या तळांचं असतं. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. मग त्या पदराचा पातळ काप काचपट्टीवर ठेवला. सूक्ष्मदर्शकात हवेचे मोठमोठे पोकळ कप्पे दिसले आणि त्यांच्या कडेने पेशींच्या रांगा. लगेच बाईंनी प्रत्येकाला गालाच्या आतून काडी फिरवायला सांगितलं. तेही काचपट्टीवर, वर मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब. केळीच्या पेशीला भिंत होती, आमच्या गालाच्या पेशीला नव्हती. निळा ठिपका बनलेलं केंद्रक मात्र दोन्हीकडे. वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात हे जर्मन शास्त्रज्ञ श्लायडेन यांनी 1838 मध्ये मांडलं आणि प्राण्यांबाबत तेच थिओडोर श्वान यांनी 1839 मध्ये. त्या सनावळ्या पाठ करण्याआधी आम्ही ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

जर्मन डॉक्टर फिरखो यांनी 1855 मध्ये लिहिलं की प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच येते. (त्यांच्याच काळातले शास्त्रज्ञ रेमाक यांनी पेशींचं विभाजन त्यांच्याही आधी पाहिलं होतं, आणि त्यांचं नाव पुस्तकात असायला हवं असं मला आजही वाटतं.) आमचं सगळं काम या एका वाक्यावर चालतं. निरोगी झाडाचा मुनवा, म्हणजे कंदातून फुटलेला कोंब, घ्यायचा, एकेक पदर काढत वाढीच्या टोकापर्यंत जायचं, तो छोटासा तुकडा निर्जंतुक करून बाटलीतल्या अगार नावाच्या जेलीवर ठेवायचा. अगारमध्ये साखर, क्षार आणि संप्रेरकं. त्यातल्या सायटोकायनिन या संप्रेरकाचं प्रमाण वाढवलं की कोंबाला कोंब फुटत जातात, ऑक्झिन हे दुसरं संप्रेरक दिलं की मुळं येतात. एका कंदाच्या टोकापासून शेकडो रोपं होतात, कारण त्या इवल्या तुकड्यातल्या पेशींत अख्खी केळ होण्याची सगळी माहिती असते. आपल्या गावातल्या बागांमध्ये आज जी-नाईन नावाची जी जात लागलेली आहे, ती बहुतेक अशीच बाटलीतून आलेली.

पण ऊर्जेचा तास मला सगळ्यांत जास्त आठवतो. बाईंनी कच्च्या केळ्याच्या चकतीवर आयोडीन टाकलं. चकती काळीनिळी झाली. पिकलेल्या केळ्यावर टाकलं. रंग जवळजवळ आलाच नाही. आयोडीन पिष्टावरच काळंनिळं होतं, म्हणजे पिकताना पिष्टाची साखर झाली. मग परीक्षानळीत पेज घेतली, त्यात एका मुलाची लाळ मिसळली आणि थोड्या थोड्या वेळाने त्यातला थेंब आयोडीनमध्ये टाकून पाहत राहिलो. निळा रंग फिका होत होत गेला. केळ्याच्या गरात आणि आपल्या तोंडात, दोन्हीकडे अमायलेज गटातली विकरं (एन्झाइम) पिष्ट तोडतात. पुढची गोष्ट तर आणखी जवळची. त्या साखरेतली ऊर्जा पेशी एटीपी नावाच्या रेणूमार्फत वापरते. केळीतही एटीपीच, माणसातही, दह्यातल्या जिवाणूतही. एटीपीचा शोध 1929 चा. जर्मनीत लोमान यांनी आणि त्याच सुमाराला अमेरिकेत फिस्के यांच्या जोडीने आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो लावला. भारतातल्या मुलांना हे नाव माहीत नसणं मला फार लागतं.

शरीराच्या आतल्या समतोलासाठी बाईंनी वेगळा धडा घेतला नाही. एप्रिलच्या भर दुपारी बागेत नेलं आणि पानांकडे बघा म्हणाल्या. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंची पाती खाली मिटलेली होती, ऊन कमी लागावं आणि पाणी कमी उडावं म्हणून. आम्ही घामाने निथळत होतो. संध्याकाळी पाती परत पसरली आणि आमचा घामही वाळला. बाहेर काहीही होवो, आतलं सांभाळायचं, हे झाडालाही करावं लागतं आणि आपल्यालाही.

आनुवंशिकतेचं खरं मोल मला घरात कळलं. वडील इन्सुलिन घेतात. माणसाच्या इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घालून तिथे इन्सुलिन बनवणं 1978 मध्ये जमलं, 1982 पासून ते औषध म्हणून मिळू लागलं. जिवाणूला माणसाच्या जनुकांची लिपी वाचता येते, कारण किरकोळ अपवाद सोडले तर ती सगळ्या सजीवांची एकच आहे. ही लिपी उलगडण्याच्या कामासाठी 1968 चं नोबेल ज्यांना मिळालं, त्यांत हरगोविंद खुराना होते. वडिलांची कुपी फ्रिजमधून काढताना मला दर वेळी बाईंचा फळा आठवतो.

आणि उत्क्रांती. बाईंकडे एका डबीत सह्याद्रीतल्या रानकेळीच्या बिया होत्या, काळ्या, दगडासारख्या कठीण. आम्ही चकितच झालो, कारण केळाला बी असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. आपल्या बागेतल्या केळीत गुणसूत्रांचे अकराचे तीन संच, एकूण 33 असतात. तिनाची जोडी नीट जुळत नाही, म्हणून बी धरत नाही. माणसाने बिनबियांची केळ निवडली आणि मुनव्यांवर वाढवत नेली. खायला सोय झाली, पण सगळी झाडं जवळपास एकसारखी झाली. निसर्गाला निवड करायला फरक लागतो, आणि इथे फरकच उरला नाही. ग्रो मिशेल ही निर्यातीची जात पनामा मर या बुरशीच्या रोगाने अशीच गेली आणि 1960 च्या सुमारास तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आपली जी-नाईन त्याच कॅव्हेंडिश गटातली. आता त्याच बुरशीचा टीआर-फोर हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहार, उत्तर प्रदेशात पोहोचलेला आहे. तो मातीतून, मुनव्यांतून, अवजारांना लागलेल्या चिखलातून पसरतो. म्हणून गावातल्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगतो: बाहेरच्या राज्यातून मुनवे आणू नका, आणि टिश्यूची रोपंही मातृवृक्षाची विषाणू तपासणी झालेलीच घ्या. हरण्या या विषाणूच्या रोगाने उपटून टाकाव्या लागलेल्या बागा आपण पाहिल्यात. टीआर-फोरला रोखू शकेल अशी जनुकं संशोधक आज रानटी, बियांच्या केळींत शोधत आहेत.

मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. शाळेच्या महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत आठवी ते दहावीच्या मुलांसोबत केळ्यातून डीएनए काढायचा आहे. पिकलेलं केळं पाण्यात कुस्करायचं, त्यात मीठ आणि भांड्यांचा द्रव साबण घालून हलक्या हाताने ढवळायचं, गाळायचं, आणि नळीच्या कडेने बर्फात गार केलेलं स्पिरिट अलगद सोडायचं. दोन थरांच्या मध्ये पांढरे तंतू वर येऊ लागतात आणि काडीवर गुंडाळून घेता येतात. केळी आणि स्पिरिट मी घेऊन येतो. मीठ, साबण, गाळणी आणि बर्फाची सोय शाळेने करावी. बाईंनाही कळवलं आहे.