ढाबळीतल्या स्लाइडी: हीमोप्रोटियस आणि कबुतरमाशी

भायखळ्याच्या गच्चीवरच्या ढाबळीतल्या स्लाइडी वाचून होत आल्या. कबुतरं पाळीव, रक्त पशुवैद्यांनी पंखाच्या शिरेतून काढलेलं. (रानपक्ष्यांना १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावू नका.)

मोठ्यांत हीमोप्रोटियस कोलंबी हा तांबड्या पेशींत राहणारा परजीवी सापडतो, घरट्यातल्या पिल्लांच्या स्लाइडी मात्र कोऱ्या. पण तेवढ्यावरून पिल्लं निरोगी म्हणता येत नाहीत. कबुतरमाशी (कबुतरांचं रक्त पिणारी, हा परजीवी पसरवणारी माशी) चावल्यावर परजीवी आधी फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात वाढतो आणि रक्तात उतरायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर पिल्लू घरटं सोडायच्या बेतात असतं. लागण घरट्यात होते, दिसते उडायला लागल्यावर. स्लाइड सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लाची करा.

रक्ताचा थेंब काचेवर आला की लगेच दुसऱ्या काचेने ओढून पातळ पसरवा. काही मिनिटं उघडा राहिला तर गॅमेटोसाइट (परजीवीची नर-मादी रूपं) गोल होऊन पेशीतून बाहेर पडतात आणि ओळख पटत नाही. पावसाळ्यात स्लाइड पंख्याखाली झटपट वाळवा. सावकाश वाळली की पेशी आक्रसून काटेरी दिसतात. वाळलेली स्लाइड मिथेनॉलने पक्की करायची; त्याची बाटली उघडी ठेवलीत तर ते हवेतलं पाणी ओढतं आणि पेशींत चमकदार भोकं उमटतात. मग रंगवणं: जिम्सा रंग १ भाग, ७.२ पीएचचा बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ९ भाग, ४५ मिनिटं. नळाचं पाणी बफरऐवजी नको, रंगाचा भरवसा राहत नाही.

१०० च्या ऑइल लेन्सखाली मादी गॅमेटोसाइट गडद निळी, केंद्रक घट्ट, काळपट-तपकिरी रंगकण विखुरलेले. नर फिकट, कण टोकांना गोळा झालेले. दोघंही तांबड्या पेशीच्या केंद्रकाला कवेत घेतात. रंगाचा गाळ याच कणांसारखा भासतो, पण तो पेशींबाहेरही पडलेला असतो आणि फोकस थोडा हलवल्यावरच स्पष्ट होतो. पेशीत विभागलेले मेरोंट (परजीवीचं विभागून वाढणारं रूप) दिसले तर तो प्लाझ्मोडियम, म्हणजे मलेरियाचा परजीवी, आणि वाहक बहुधा क्यूलेक्स डास. रोनाल्ड रॉसने १८९८ साली कलकत्त्यात पक्ष्यांवर सिद्ध केला तो हाच मार्ग. किमान १०,००० तांबड्या पेशी पाहिल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहू नका. जुनी लागण तेवढ्यातही निसटते.

आता घरट्याकडे. कबुतरमाशी अंडी घालत नाही. एकेक वाढलेली अळी टाकते आणि ती लगेच कोष होते. काळे, चकचकीत, मोहरीएवढे कोष घरट्याच्या काड्यांत आणि फळीच्या फटींत सापडतात. कबुतर त्याच घरट्यात पुन्हा पुन्हा अंडी घालतं, त्यामुळे माशीला नवी पिल्लं आयती मिळतात. दर पंधरवड्याला काड्या काढून फटी ब्रशने झाडा, कचरा जाळा किंवा पिशवी घट्ट बांधून टाका. महिनाभर थांबलात तर माश्या उडालेल्या असतात. औषध फवारायचं तर पशुवैद्यांना विचारून, आणि फळ्यांवर, पिल्लांवर नाही.